मान हलली म्हणजे ‘नाही’ नव्हे : अडतिसाव्या वर्षी आलेले टिक्स

शेवंती | ७ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर वाचनमात्र असते, फार तर कैरीच्या दिवसांत एखादा प्रतिसाद. आज जरा वेगळं विचारायचंय.

मी नाशिकला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. वय ३९. गेल्या दिवाळीनंतर माझी मान आपोआप झटकायला लागली. उजवीकडे, चटकन, दोनदा. कधी तीनदा. पुढे त्याला जोड म्हणून नाक ओढल्याचा आवाज सुरू झाला, सर्दी नसताना. आधी वाटलं, उशी बदलली म्हणून असेल. मग हेल्मेटवर संशय घेतला. शेक झाला, तेल झालं, मानेला पट्टा झाला. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही.

काउंटरवर याचे काय घोटाळे होतात ते सांगते. एक वयस्कर बाबा आले, हातात चेक. “मॅडम, आज टाकला तर परवापर्यंत जमा होईल ना?” माझी मान दोनदा हलली. बाबांनी चेकची घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवला आणि गेले निघून. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये, “मॅडम नाही म्हणाल्या.” आता लिहिताना हसू येतंय, तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

आणि विचित्र गोष्ट ही, की नोटा मोजताना मान हलत नाही. ओल्या स्पंजवर अंगठा टेकवायचा आणि एक ते शंभर, एकदाही नाही. गड्डीला रबर लावला, ड्रॉवरमध्ये टाकली की लगेच झटका. जणू तोही रांगेतच उभा होता. त्यामुळे ऑफिसात एकमताने ठरलंय की कामात असली की बरी असते, म्हणजे मनाचं आहे. घरचे म्हणतात सवय लागलीय, सोड. सात वर्षांची लेक म्हणते, आई, तू चिमणीसारखी करतेस. त्यातल्या त्यात तिचंच बरोबर वाटतं.

सवय, खोड, चाळा, लकब असे आपल्याकडे चार शब्द आहेत, पण चारही शब्दांत ते मीच करते असं धरलेलं आहे. प्रत्यक्षात आधी कानाखाली बोटभर जागेत काहीतरी चढत जातं. खाजही नव्हे आणि दुखणंही नव्हे. खोकल्याची उबळ येते ना, तशी मानेची उबळ. मिनिटभर दाबून धरता येते, जास्तीत जास्त दोन मिनिटं. मग सुटते ती व्याजासकट.

शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. ते म्हणाले “टिक्स.” मी पडले कॅशियर, मला लेजरवरची बरोबरची खूण आठवली. म्हणाले, हे बहुधा लहानपणी सुरू होतं, तुम्हाला या वयात का ते बघू. एमआरआय झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. पुढची तारीख महिन्याने आहे.

इथे कोणाला मोठेपणी असं सुरू झालंय का? लोकांना काय सांगता?

बोरघाटातला_बाबू | ७ जून, रात्री ११:२०

आमच्या पतसंस्थेत कॅशियर तोंडानेच नाही म्हणतो, मान हलवायचेही कष्ट घेत नाही. हलकं घ्या ताई. काळजी घ्या.

प्रमिलाकाकू | ८ जून, सकाळी ६:१५

अगं शेवंती, नाशिकला राहतेस आणि त्र्यंबकेश्वरला जाऊन आली नाहीस? नारायण नागबळी करून घे. आणि तोवर मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढ. नोटा हाताळणाऱ्याला फार लागते.

शेवंती | ८ जून, दुपारी १:४०

काकू, मीठमोहऱ्या सासूबाईंनी केव्हाच ओवाळल्या. ओवाळताना मान हलली, तर त्यांना वाटलं लागू पडलं.

तबलजी | ८ जून, रात्री ९:०५

मला टुरेट आहे, म्हणजे हालचालींचे आणि आवाजाचे टिक्स, सातव्या वर्षापासून. आता ४४ चा आहे. तुम्ही नोटांचं लिहिलंत तिथे थांबून दोनदा वाचलं. तीनतालात कायदा वाजवत असतो तेव्हा माझं एक पातंही जास्तीचं लवत नाही. तिहाई समेवर आली, हात उचलला, लोकांनी टाळी दिली की त्या टाळीत खांदा उडून घेतो. कित्येक वर्षं लोकांना ती दादच वाटायची.

लक्ष कशात तरी गुंतलं की टिक्स दबतात आणि मोकळं झालं की येतात, हे आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचं आहे. माझे दिवसभर शिकवण्या घेताना कमी असतात. रात्री घरी पाय पसरून बसलो की आतषबाजी. बायको म्हणते, सगळं माझ्यासाठी राखून ठेवता का? एका परीने खरंय. जिथे सांभाळून राहावं लागत नाही तिथे माणूस सोडून देतो.

बाकी, टुरेट असलेल्या शिक्षिकेच्या त्या राणी मुखर्जीच्या ‘हिचकी’ पिक्चरनंतर लोकांना मला निदान काहीतरी नाव असलेलं आहे एवढं तरी कळतं. माझ्याजवळ ‘लहानपणापासूनचं आहे’ असं तिकीट आहे. तुम्हाला मात्र सगळे विदाउट तिकीट पकडल्यासारखे विचारणार, आत्ताच कुठून आलं म्हणून.

खडीसाखर | ९ जून, रात्री ११:३०

मी न्यूरॉलॉजीतली डॉक्टर. धाग्यावर निदान करत नाही, तुमचे डॉक्टर करताहेत तेच योग्य. पण काही गोष्टी सांगते, कारण तबलजींनी तिकिटाचा मुद्दा काढला आणि तो आमच्या पुस्तकातही आहे.

टिक्स बहुतेक मुलांमध्ये ५ ते ७ या वयात दिसू लागतात, १० ते १२ च्या सुमारास जोरात असतात आणि विशी येईपर्यंत पुष्कळांचे ओसरतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या नियमपुस्तिकेत टुरेट म्हणायला हालचालींचे अनेक टिक्स, आवाजाचा किमान एक, एक वर्षाहून जास्त काळ आणि सुरुवात अठराव्या वर्षाच्या आत, अशा अटी आहेत. अठरानंतर सुरू झालं तर तेच सगळं असूनही ‘इतर’ या खणात जातं. आजाराला वाढदिवस कळत नाही हे खरं, पण अट अगदीच वेडगळ नाही. मोठेपणी पहिल्यांदा टिक्स आले तर मागे दुसरं काही आहे का ते शोधायचं, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

दुसरं काही म्हणजे डोक्याला मार, पक्षाघात, मेंदूज्वर. कोकेन, अ‍ॅम्फेटामिनसारखी उत्तेजक द्रव्यं. काही औषधं. तरुण माणसात विल्सनचा आजार, ज्यात शरीरात तांबं साठतं आणि डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसू शकतं. हंटिंग्टनसारखे आनुवंशिक आजार. तुमच्या तपासण्या यासाठीच होत्या, आणि नॉर्मल आल्या हे उत्तम.

मात्र ओपीडीत बसून जे दिसतं ते वेगळंच आहे. ‘मोठेपणी सुरू झालं’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते लहानपणी सौम्य प्रमाणात होऊन गेलेलं असतं आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो. रुग्णाला आठवत नाही, घरच्यांनी सवय म्हणून सोडून दिलेलं असतं. मध्ये वीस-पंचवीस वर्षं शांतता. मग आजारपण, ताण, जागरण, कशाने तरी पुन्हा डोकं वर काढतं. कधी कशानेच नाही. म्हणून शेवंती, एक गृहपाठ: आईला फोन करा. ‘मला टिक्स होते का’ असं विचारू नका, तो शब्द त्यांना माहीत नसेल. मी लहानपणी डोळे मिचकवायचे का, नाक मुरडायचे का, सारखी घसा खाकरायचे का, असं विचारा.

आणि सगळ्यांसाठी: मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांसमोर टिक्स हमखास लाजतात. मानेचे झटके जोरदार असतील आणि हाताला मुंग्या किंवा बधिरपणा वाटला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा, मणक्यांना इजा होऊ शकते.

शेवंती | ११ जून, रात्री १०:१०

डॉक्टर, तुम्ही चेटकीण आहात का?

आई लासलगावला असते. फोन केला, तुम्ही सांगितलं तसंच विचारलं. आई एवढ्या सहज म्हणाली, “हो गं, चौथीत होतीस. डोळे मिचमिच, मिचमिच. चष्मा लागला असेल म्हणून नेलं तर डॉक्टर म्हणाले नजर चांगली आहे. गुरुजींनी वर्गात उभं केलं होतं, मला सिग्नल देते का म्हणून. तुझे बाबा जाऊन भांडून आले. सहावीत गेलीस नि गेलं आपोआप.”

मला यातलं काहीएक आठवत नाही. गुरुजी आठवतात, त्यांचा खडूने माखलेला कोट आठवतो. उभं केलेलं आठवत नाही. एवढंच आठवतं की आई रात्री कापसाचा बोळा गुलाबपाण्यात बुडवून डोळ्यांवर ठेवायची आणि थंड पाणी कानात ओघळायचं. मला वाटायचं ते लाड होते.

म्हणजे हा पाहुणा नवा नाहीच. तीस वर्षांनी घर शोधत आलाय. सांगू का, रडूच आलं, पण हलकं वाटून. तिकीट सापडलं, तबलजी.

मनमौजी_मिरज | १२ जून, सकाळी ८:२२

माझी कथा थोडी निराळी. वय ५६. तोंडाची हालचाल सुरू झाली. पान न खाता पान चघळल्यासारखी, मध्येच जीभ ओठांवरून फिरायची. मुलगा म्हणाला, बाबा, जेवताना आरशात बघा एकदा. मलाही सगळे टिक्सच म्हणाले. मी तर वर्षभर दाताच्या डॉक्टरकडे कवळी घासून घेत होतो.

शेवटी एका डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, रोजची औषधं कुठली? मी बीपीचं सांगितलं. अजून? म्हटलं, अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, ती काय औषधात धरायची! आणा म्हणाले पाकीट. त्यात पोटाच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड होतं. दोन महिन्यांसाठी लिहून दिलेली कॅप्सूल मी दीड वर्षं दुकानातून स्वतःच आणून खात होतो, कारण पोट बरं राहायचं. चूक माझी.

आता बंद होऊन दहा महिने झाले. चघळणं पुष्कळ कमी झालंय, जीभ अजून थोडी फिरते.

खडीसाखर | १२ जून, दुपारी ३:०५

मनमौजी, लिहिलंत हे फार बरं केलंत. लेव्होसल्पिराइड मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची वाट अडवतं. पोटासाठी दिलेलं असलं तरी मेंदू काही पोटाचा पत्ता बघत नाही. मळमळीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि मानसिक आजारांवरची बरीच औषधं याच जातीची. दीर्घकाळ घेतली तर तोंडाच्या, जिभेच्या अशा हालचाली येऊ शकतात, त्यांना टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. तुमचे टिक्स नव्हते. फरक असा की टिकच्या आधी शेवंतीने लिहिली तशी उबळ येते आणि केल्यावर क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. तुम्हाला स्वतःला पत्ताही नव्हता, मुलाने सांगितलं. (याच डोपामिन अडवणाऱ्या औषधांनी क्वचित खरे टिक्सही येतात, म्हणून हा प्रश्न प्रत्येकालाच विचारावा लागतो.)

पण कोणीही हे वाचून घरातल्या गोळ्या परस्पर बंद करू नका, विशेषतः मानसोपचाराच्या. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

अनुराधा_ठाणे | १२ जून, रात्री ९:४८

‘टिक्स नव्हते’ यावरून आठवलं. आमच्या आईचा डावा डोळा लवायला लागला. बाईचा डावा लवणं शुभ, म्हणून पहिले सहा महिने आम्ही सगळे शुभवार्तेची वाट बघत होतो! भावाचं लग्न जमलं तेव्हा आईने श्रेय डोळ्यालाच दिलं. लग्न होऊन गेलं तरी डोळा थांबेना, उलट गाल आणि ओठाचं टोकही वर ओढलं जायला लागलं. एका रात्री मी तिच्याशेजारी झोपले होते, तर झोपेतही चालू.

ते हेमिफेशियल स्पाझम निघालं. चेहऱ्याच्या नसेला मेंदूजवळ एक रक्तवाहिनी टेकत होती. बोटॉक्सची इंजेक्शनं घेते, तीन-चार महिने छान जातात, मग पुन्हा. एका बाजूलाच असेल, दाबता येत नसेल, झोपेतही होत असेल तर टिक समजून बसू नका, एवढ्यासाठी लिहिलं. फक्त पापणी चार दिवस फडफडली तर घाबरू नका, ती चहा आणि जागरणानेही फडफडते. माझी प्रत्येक मार्चअखेरीला.

निरंजन_पिंपरी | १३ जून, रात्री १२:५५

झोप येत नाही म्हणून लिहून टाकतो. वय २७. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा कोविडने हॉस्पिटलात होते, मी घरी एकटा, लॅपटॉप आणि मोबाइल. एका दुपारी हात छातीवर आपटायला लागला. हळूहळू वगैरे नाही, सकाळी नव्हतं आणि संध्याकाळी मिनिटाला दहादा. दोन दिवसांनी तोंडातून शब्द यायला लागले, तेही ओरडून. सोसायटीत तक्रार गेली. मामा म्हणाला, बाप तिकडे झुंजतोय आणि याची नाटकं. बाबा घरी आले तरी माझं थांबलं नाही.

दोन ठिकाणी टुरेट म्हणाले, गोळ्या दिल्या, फरक शून्य. तिसरीकडे कळलं की हे फंक्शनल आहे, टिक्ससारखं दिसणारं पण वेगळं. मॅडमनी अर्धा तास घालवून समजावलं. यंत्राचे भाग शाबूत आहेत, चालवण्यात गडबड झालीय, आणि ती तू मुद्दाम केलेली नाहीस. नंतर समुपदेशन, श्वासाचे व्यायाम, झोपेची वेळ आणि रिळं बंद. आता महिन्यातून एखादा वाईट दिवस.

राइनकाठ | १३ जून, पहाटे ४:३०

निरंजन, मी जर्मनीत असतो, इथे यावर बरीच चर्चा झाली. टुरेट असलेल्या एका तरुणाचा यूट्यूब चॅनल २०१९ मध्ये सुरू झाला आणि तुफान चालला. पाठोपाठ हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठातल्या किर्स्टन म्युलर-फाल यांच्या टुरेट दवाखान्यात तरुण मुलंमुली येऊ लागली, अचानक सुरू झालेल्या ‘टिक्स’सह. अनेकांच्या तोंडी त्या तरुणाचेच शब्द, म्हणजे ‘उडते शार्क’ वगैरे. २०२१ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला. इंग्लंड, कॅनडा, अमेरिकेतही साथीच्या काळात असे रुग्ण वाढले, तिकडे टिकटॉकचं नाव पुढे आलं. जास्त करून किशोरवयीन आणि तरुण मुली.

स्पष्टवक्ता | १३ जून, सकाळी ९:१२

मोबाइलवर बघून लागतं म्हणजे नाटकच की. आमच्या वेळी असले आजार नव्हते.

निरंजन_पिंपरी | १३ जून, सकाळी ९:४०

समोरच्याने जांभई दिली की तुम्हाला येते ना? ती नाटक असते का?

आणि मी तो चॅनल कधी पाहिलेला नाही. मला जर्मन येत नाही.

तबलजी | १३ जून, सकाळी १०:०३

स्पष्टवक्ते, तुमच्या वेळी होते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जॉर्ज जिल द ला तुरेतने नऊ रुग्णांवर लिहिलं ते १८८५ मध्ये. त्यातल्या एका सरदारघराण्यातल्या बाईबद्दल तर इतार नावाच्या डॉक्टरने १८२५ मध्येच लिहून ठेवलंय, सातव्या वर्षी सुरू झालेलं, म्हातारपणापर्यंत टिकलेलं. आपल्याकडेही असणारच, फक्त ‘त्याला जरा खोड आहे’ म्हणत होते. माझ्या आजोबांना गावात सगळे ‘खाकऱ्या तात्या’ म्हणायचे. दम्याचा त्रास असेल असं आम्ही धरून चाललो होतो. आता वाटतं, दमा कुठला!

खडीसाखर | १३ जून, रात्री १०:४५

खाकऱ्या तात्यांचं निदान मी करणार नाही, पण टिक्स घराण्यातून चालत येतात हे पक्कं. एकाच जनुकाचा खेळ नसतो, त्यामुळे आईला आहे म्हणून मुलीला होईलच असं सांगता येत नाही, शक्यता वाढते एवढंच. मुलांमध्ये दिसलं तर तपासून घ्या, पण दर वेळी टोकू नका. टिक्सकडे लक्ष वेधलं की ते वाढतात. हे मी आयांना सांगते आणि त्या त्याच क्षणी मुलाकडे वळून म्हणतात, बघ, परत केलंस.

निरंजन, तुमच्या मॅडमना माझा नमस्कार. अचानक सुरुवात, काही तासांत-दिवसांत शिखर, हाताच्या मोठ्या हालचाली, अशा खुणांवरून वेगळं ओळखता येतं. टिक्स बहुधा डोळे-चेहऱ्यापासून सुरू होऊन खाली सरकतात. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, हीच खरी पंचाईत. आणि शिव्या देणं म्हणजे टुरेट, असं कोणी समजू नका. तो प्रकार थोड्याच जणांत असतो.

शेवंती | १९ जुलै, रात्री १०:३०

मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

पुढच्या तारखेला गेले. आईने सांगितलेलं सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, लहानपणचेच परत आलेत असं धरून चालू. क्लोनिडिन अगदी कमी मात्रेत सुरू केलं. मूळचं रक्तदाबाचं औषध. फरक पडला, पण दुपारी तीनला काउंटरवर डोळे मिटायला लागले. कॅशियरने डुलक्या घेणं मान हलवण्यापेक्षा वाईट, त्यामुळे आता फक्त रात्री घेते.

खरा उपयोग होतोय तो थेरपीचा. नाशिकमध्ये शिकवणारं कोणी सापडलं नाही, पुण्याच्या एक मानसशास्त्रज्ञ ऑनलाइन घेतात. दहा आठवड्यांत आठ बैठका असा क्रम आहे. मूळ कल्पना अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांची, १९७३ सालची म्हणे, आणि अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीने २०१९ च्या शिफारशींत औषधांच्या आधी हीच सांगितलीय. मला वाटलं मनोधैर्य वगैरे सांगतील. तसलं काही नाही, शुद्ध हिशेबाचं काम आहे. पहिला आठवडा फक्त मोजायचं. रोज संध्याकाळी ७ ते ७:१५, किती वेळा. मी जुन्या कॅशबुकाच्या कोऱ्या पानावर उभ्या रेघा मारल्या, पाचवी आडवी. पहिल्या दिवशी ३८.

मग उबळ पकडायला शिकायचं. कुठे सुरू होते, कशी चढते. ती आली की मान झटकायच्या ऐवजी हनुवटी किंचित आत घ्यायची, मानेचे स्नायू हलके आवळायचे, नजर समोर, उबळ ओसरेपर्यंत किंवा मिनिटभर. समोरच्याला कळतही नाही, फार तर ताठ बसलेय असं वाटतं. नाक ओढण्यासाठी संथ श्वास. पहिले पंधरा दिवस भयंकर. नळाला बोट लावून पाणी अडवल्यासारखं. मग एके दिवशी लक्षात आलं, की उबळ स्वतःच खाली उतरली. मी काही न करता.

मागच्या आठवड्यात त्याच पंधरा मिनिटांत १४. कालचा दिवस वाईट, २९. संस्थेत ऑडिट चालू आहे. वर-खाली होत राहणार हे आधीच सांगितलंय त्यांनी, त्यामुळे पासबुक बघून घाबरत नाही.

लोकांना काय सांगते, ते उलटंच झालं. मॅनेजरसाहेबांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, त्यांनी वाचली, “ठीक आहे” म्हणाले, संपलं. काउंटरवर मी पाटी लावायचा विचार करत होते. पण आमचे शिपाई मामा रांग लावता लावता स्वतःच सांगायला लागले, “मॅडमची मान हलली तर तिकडं बघू नका. तोंडानं नाही म्हणतील तेव्हाच नाही.” ते चेकवाले बाबा परवा आले होते. माझी मान हलली. त्यांनी मामांकडे पाहिलं, मामांनी हाताने ‘बसा’ केलं, बाबा बसले. चेक जमा झाला.

बोरघाटातला_बाबू | १९ जुलै, रात्री ११:०१

पहिल्या प्रतिसादाबद्दल कान पकडतो. माझ्या चुलतभावाला असंच काहीसं आहे आणि आम्ही त्याला ‘झटका’ म्हणतो. म्हणायचो. समोरच्याने नेमकं काय करावं?

शेवंती | २० जुलै, दुपारी १:१५

बाबू, काही करू नका. चालू वाक्य पूर्ण करा. ‘अरे, काय झालं?’ नको, आणि मुद्दाम दुसरीकडे बघणंही नको, ते तर लगेच कळतं. भावाला एकदा विचारा, त्याला काय चालेल.

राइनकाठ | २० जुलै, दुपारी ४:२०

स्कॉटिश गायक लुईस कपाल्डीने २०२२ मध्ये, पंचविशीत, टुरेट असल्याचं जाहीर केलं. २०२३ च्या जूनमध्ये ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाच्या मंचावर टिक्स आणि बसलेला घसा यांनी त्याला गाता येईना, तर समोरच्या हजारोंनी गाणं म्हटलं. तुमच्या शिपाई मामांवरून आठवलं.

मनमौजी_मिरज | २० जुलै, सायंकाळी ६:३५

मामांना पतसंस्थेने बढती द्यावी. जीभ आता जेवतानाच फिरते, म्हणजे जिथे फिरायला हवी तिथेच.

शेवंती | २१ सप्टेंबर, रात्री ११:०८

बरेच दिवस आले नव्हते. माझं ठीक आहे, दहा-पंधराच्या घरात.

गणपतीत आई आली होती, पंधरा दिवस राहिली. आरतीच्या वेळी लेक टाळ वाजवत होती, तोवर काही नाही. टाळ खाली ठेवला आणि डोळे मिचकावले. दोनदा. नंतर तीनदा. आधी मला वाटलं कापराचा धूर. दुसऱ्या दिवशी अभ्यासाला बसली तेव्हाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवलं, डोळे तपासून झाले, नजर चांगली आहे. वाट बघू म्हणालेत.

खडीसाखर, तुमचा तो प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला, सासूबाईंनाही. शाळेत बाईंना भेटून आले. बाई म्हणाल्या, त्यांच्या वर्गात अजून एक मुलगा आहे असा.

काल जेवताना पुन्हा सुरू झालं. आईचा घास हातातच राहिला, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं. मी नुसती मान हलवली. या वेळी ती मीच हलवली होती, आणि तिला ते कळलं. लेक म्हणाली, “आई, आमटी.” मी वाढली.